तो पंखा नाही

आमच्या मामाच्या फाटकावर एक पिवळी पाटी आहे. तिच्या मधोमध एक ठिपका आणि ठिपक्याभोवती तीन पाती. शेलूबाजारात कोणालाही विचारा, ही पाटी कशाची? तो छातीवर हात ठेवून सांगेल, पंखे दुरुस्तीची. उन्हाळा तापला की मामाच्या दारात माणसं यायला लागतात. कोणाच्या खांद्यावर छताचा पंखा, कोणाच्या सायकलला कूलरची मोटार बांधलेली. आणि आतून मामाचा आवाज येतो, "अबे भैताडा, पंखा नाई तो!"

"पंखा नाई त मंग काय आहे, सायेब?"

"धोका आहे! दूर राहा असा अर्थ आहे त्याचा!"

"बरं, दूरच ठेवतो. पन रिपेर कवा होईन?"

मला विचाराल तर चूक मामाची. मामा सातासमुद्रापलीकडं एका विद्यापीठात नोकरीला होता. तिथं पोरांना शिकवायला आणि संशोधनाला म्हणून एक लहानशी अणुभट्टी होती. भट्टीपाशी कोण गेलं, किती वेळ थांबलं, कोणाच्या अंगावर किती किरण पडले, कोणाला बाहेर काढायचं, हे पाहण्याचं काम मामाचं. जन्मभर त्यानं दुसरं काही केलं नाही. निवृत्त झाला तेव्हा सोबतच्यांनी दारावरची जुनी पाटी काढून त्याला निरोपाची भेट दिली. लोक परदेशातून चॉकलेट आणतात, अत्तर आणतात. आमच्या मामानं पेटीत घालून 'दूर राहा' आणलं आणि फाटकाला ठोकलं!

बरं, ठोकलं तर ठोकलं, निदान लोकांवर चिडू तरी नको. पण चिडणं हा मामाचा श्वास. तो सकाळी उठतो तोच कोणावर तरी.

गावी आल्यावर पहिल्याच आठवड्यात कोणीतरी विचारलं, "सायेब, तुमी कोन्त्या खात्यात होते?" मामा म्हणाला, "रेडिएशन सुरक्षा." झालं! दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात बायांची रांग, प्रत्येकीच्या हातात पिवळं नाहीतर केशरी कार्ड. "सायेब, दोन महिन्यापासून तांदूळ नाई भेटला."

मामा थरथरत बाहेर आला. "बाई, रेशन नाई! रे-डि-ए-शन!"

"तेच त म्हंतो आमी, रेशन."

आता ह्यात बायांची काय चूक? आमच्याकडं 'सुरक्षा' म्हटलं की अन्नसुरक्षा, आणि 'रेडिएशन' भरभर म्हटलं की रेशनच ऐकू येतं. मामा दिवसभर धुसफुसला. संध्याकाळी काठी घेऊन स्वतःच रेशनच्या दुकानात गेला आणि दुकानदाराला असं झापलं, असं झापलं, की तांदळाची पोती आपोआप उघडली. बायांची उरलीसुरली शंकाही गेली. अजूनही त्या त्याला रेशनवाले सायेब म्हणतात, आणि तो अजूनही दर खेपेला चिडतो.

भट्टीचीही तीच तऱ्हा. मामा तिकडं लागला तेव्हा माझा आजा गावभर अभिमानानं सांगत फिरला, "माहा पोरगा भट्टीवर आहे." आमच्याकडचे निम्मे लोक दिवाळी झाली की बायकापोरं घेऊन वीटभट्टीवर जातात. उरलेल्यांना हातभट्टी तेवढी माहीत. लोक हळहळले म्हणे. एवढं शिकून पोरगं शेवटी भट्टीवरच गेलं, त शिकलं कायले?

मी जीपवाला माणूस. शेलूबाजार-वाशिम रोडवर दिवसभर माणसं भरतो आणि रिकामी करतो, त्यामुळं मला तऱ्हेवाईक माणसांचं काही वाटत नाही. पण मामाची एक गोष्ट माझ्या डोक्यात जायची. त्याचा मंत्र होता, "येळ, अंतर, आडोसा." किरणांपासून वाचायचं तर तीनच उपाय. जवळ थांबायची वेळ कमी, मधलं अंतर जास्त, आणि मध्ये काहीतरी जाडजूड. भट्टीपुरतं ठीक आहे हो! हा बाबा जिवंत माणसांना तेच लावायचा. लग्नात गेला की मांडवाच्या कडेला, खांबामागं बसणार. कोणी 'जयभीम' म्हणत हात पुढं केला की हा दोन हात मागं सरकून तिथूनच जयभीम करणार. माझ्या जीपमध्ये तर तो बसायचाच नाही. एकाच्या मांडीवर दुसरा, दुसऱ्याच्या कडेवर कोंबडी, अशी ती जीप. "हे का अंतर आहे?" म्हणायचा आणि एसटीची वाट पाहत उन्हात उभा राहायचा.

माझी आई त्याची सख्खी, एकुलती एक बहीण. मागच्याच गल्लीत आमचं घर. तो रविवारी यायचा, दाराजवळच्या खुर्चीवर बसायचा, आईनं केलेला चहा ओट्यावरून स्वतः उचलून घ्यायचा आणि चहा संपला की, "येळ झाली, शांते." बस्स! लग्न केलं नाही, पोरबाळ नाही, एक बहीण आहे तिच्यापाशीही टेकायला नको. मी आईला म्हणायचो, "काहून व? आपल्याले काय काटे हायेत का?" आई पदरानं चूल पुसायची नाहीतर उगाच भांडं हलवायची. "त्याचा सभावच हाय तसा," म्हणायची आणि विषय बदलायची.

मामाजवळ एक यंत्र आहे, हातात मावणारं. किरण सापडले की ते टिकटिक करतं, म्हणून लहान पोरं त्याला टिकटिक मामा म्हणतात. नुसतं हवेत धरलं तरी मधूनमधून टिकटिक करतंच. त्यावर तो म्हणतो, "तेवढे किरण दुनियेत हायेतच. दगडात हाय, मातीत हाय, तुह्या हाडात बी हाय." पण कुठं जास्त वाजलं की संपलं. एकदा बाजारात जुन्या गॅसबत्तीच्या जाळीपाशी यंत्र कडाडलं, तर यानं म्हाताऱ्या दुकानदाराला असा डोस पाजला की तो गॅसबत्त्या सोडून प्लास्टिकचे मग विकायला लागला. माझं लग्न जमलं तेव्हा मुलीकडं जऊळक्याला बैठक होती. सगळे बोलणी करताहेत आणि हा आत जाऊन यंत्र धरून उभा. होणाऱ्या सासूबाईंनी हौसेनं लाल ग्रॅनाइटचा ओटा बसवला होता. मामा मोठ्यानं म्हणाला, "ईहीणबाई, तुमचा ओटा टिकटिक करते!" आमचं लग्न मोडता मोडता राहिलं. नंतर म्हणतो कसा, "भेवाची गोष्ट नाई, मी फक्त सांगतलं."

फक्त सांगितलं म्हणे!

आणि एका एक्स-रेवाल्याकडं तर त्यानं ठिय्याच दिला. खोलीचं दार नीट लागत नव्हतं, म्हणून त्या शहाण्यानं दाराला वीट लावून ठेवली होती. बाहेर बाकावर गरोदर बाई बसलेली. मामानं वीट उचलली आणि ती मांडीवर घेऊन दारातच बसला. "दार नीट होत नाई तवरक एक बी फोटो निघनार नाई. किरन म्हंजे खेळ वाटला का तुमाले?" सुतार आला, दार बसलं, मगच तो उठला. इथं मामाचं बरोबर होतं, हे मी कबूल करतो. पण ह्या भाषणांचा परिणाम काय झाला? शेलूबाजारच्या बायांच्या डोक्यात एकच गोष्ट राहिली. किरण म्हणजे मरण.

त्या बायांत माझी आई होती.

आईच्या छातीत गाठ निघाली. अकोल्याला ऑपरेशन झालं, गाठ काढली. डॉक्टर म्हणाले, आता रेडिएशन घ्यावं लागेल, नाहीतर परत येऊ शकते. आईनं जीपमध्येच ठरवून टाकलं, घेणार नाही. प्रज्ञानं, म्हणजे माझ्या बायकोनं, सातव्या महिन्याचं पोट घेऊन तिच्या विनवण्या केल्या. मी ओरडलो. आईचं एकच, "दादा म्हंते किरन वाईट. तो जनमभर त्यातच होता. त्याले जास्त समजते का तुह्या डाक्टरले?"

माझं टाळकं सटकलं. मी तसाच मामाच्या फाटकात गेलो. पंखा घेऊन आलेला एक माणूस तिथं उभा होता, त्याला बाजूला सारलं आणि पाटीवर अशी थाप मारली की खिळा निघाला.

"मामा, बाहेर ये! तुह्या बडबडीनं माही माय मरून राह्यली!"

मामा बाहेर आला. मी सगळं बोललो, न बोलायचंही बोललो. जन्मभर लोकांना वाचवलं म्हणतोस आणि स्वतःच्या बहिणीला मारतोस, म्हणालो. वाटलं होतं, हा उलटा पिसाळेल. पण तो चपला न घालताच निघाला. पंखेवाला मागून "सायेब, सायेब" करत राहिला.

आमच्या घरी येऊन तो सवयीप्रमाणं दाराजवळच थांबला. आई खाटेवर पडली होती.

"शांते, तू बाळंतिनीले शेक देतं का नाई?"

आता हे विचारावं लागतं का? गल्लीतल्या निम्म्या बाळंतिणी आईच्या हाताखालून गेल्यात. खाटेखाली शेगडी, त्यात गोवऱ्यांचा विस्तव, वर ओवा. आई उठून बसली. "देतो नं."

"विस्तवानं मानूस जळते. मंग बाळंतिनीच्या खाटेखाली काहून ठेवतं?"

"अरे, तो मोजून असते! जास्त झाला त भाजते, कमी झाला त लागतच नाई. मी काय आज शेकून राह्यली का?"

"मंग? हा बी मोजूनच शेक आहे. विस्तव वाईट आहे असं मी म्हनलो नाई कधी. शेगडी उघडी टाकून जानारा मानूस वाईट आहे असं म्हनलो. तुमी बाया अर्धच ऐकता!" शेवटचं वाक्य त्यानं असं ओरडून म्हटलं की प्रज्ञा दचकली.

आईनं खाटेवरून पाय खाली सोडले. मग म्हणाली, "मोजनारा चांगला पाह्यजे पन."

"मी येतो नं. पाह्यतो कसा मोजत नाई तो."

आणि आला. आईचा शेक चालू होता तोवर दर खेपेला तो माझ्या जीपमध्ये बसून अकोल्याला आला. पहिल्या दिवशी त्यानं मशीनच्या खोलीचं दार तीनदा उघडून-लावून पाहिलं, वरचा लाल दिवा लागतो का पाहिलं, मशीनवाल्या पोरीला इतके प्रश्न विचारले की ती रडकुंडीला आली. शेवटी म्हणाला, "दरवाजा चांगला लागते." मामाच्या तोंडून मी ऐकलेली ही पहिली स्तुती. आई आत गेली की तो दाराबाहेर बाकावर बसायचा आणि लाल दिवा विझेपर्यंत त्याच्याकडं पाहत राहायचा. दिवा विझला की उठून उभा राहायचा.

शेक संपला. आई बरी होऊन घरी आली. आता कोणाला वाटेल, गोष्ट संपली. छे! खरा संताप तर पुढंच आहे.

गल्लीतल्या बाया यायच्या बंद झाल्या. ज्यांच्या पोरांची पहिली आंघोळ माझ्या आईनं घातली, त्या फाटकातूनच "बरी आहे नं, शांताबाई?" विचारून परत फिरायला लागल्या. चहा ठेवते म्हटलं की, "आत्ताच पेली." का? तर शांताबाईच्या अंगात किरण भरलेत, आणि ते लागतात! असं बोलणाऱ्या एकीला मी जीपमधून उतरवून दिलं. प्रवासी सोडून देणारा मी माणूस नाही, पण ऐकून घेणाराही नाही.

त्यातच प्रज्ञा बाळंत झाली. माहेरी, जऊळक्याला. मुलगी झाली. सव्वा महिना झाला आणि सासूबाई दोघींना पोचवायला आल्या. आईनं सकाळपासून घर सारवून-पुसून ठेवलं होतं, दोन जुन्या पातळांची गोधडी शिवली होती. सासूबाई नातीला छातीशी धरून आत आल्या आणि आईपासून लांब, भिंतीला टेकून बसल्या. प्रज्ञा त्यांना म्हणाली, "आई, द्या ना त्यांच्याजवळ." सासूबाई हलल्या नाहीत. "कवळं पोर आहे माय. शांताबाईले नुकताच शेक झाला. किरनबिरन लागले म्हंजे?"

मी तोंड उघडणार, तर आईनंच दोन्ही हात पदराखाली घेतले. "बरोबर आहे त्यायचं," ती म्हणाली. "मी दुरूनच पाह्यतो. दिसते मले. नाक आपल्यावर गेलं."

दारातल्या खुर्चीवर मामा होता. रविवार होता तो.

मामाचा संताप मी हजार वेळा पाहिलाय. पण तो ज्या तऱ्हेनं उठला तसं कधी पाहिलं नव्हतं. खिशातून यंत्र काढलं, सरळ आत आला आणि आईच्या अंगाला लावलं. टिक. टिक. मग भिंतीला लावलं. टिक. टिक. तेवढंच.

"ऐकलं का, ईहीणबाई? हिच्या अंगात काई नाई. किरन मशीनीतून आले, गाठीच्या जागी लागले, गेले. बटन बंद, किरन बंद. दिवा विझवला त उजेड घरात साचून राह्यते का? तुमच्या त्या लाल ओट्याच्या घरात ही पोरगी सव्वा महिना दूध पेऊन आली. तो ओटा माह्या बहिनीपेक्षा जास्त टिकटिक करते! तो फोडता का?"

"मामाजी, मी आपलं काळजीनं म्हनलं..."

"काळजी! आपल्या आज्याच्या ओंजळीत लोक वरून पानी टाकत होते, ते बी काळजीच म्हनत होते. शिवलं त बाटते म्हने. ते तुमच्या घरी बी झालं, आमच्या घरी बी झालं. ते आता गेलं म्हनता, आन् हे कोठून आनलं? अंतर किरनापासून ठेवा म्हनलो होतो मी. मानसापासून ठेवा असं कोनं सांगतलं तुमाले?"

सासूबाईंची मान खाली गेली. मला मात्र राहवलं नाही. मी म्हणालो, "तूच सांगतलं, मामा. जनमभर तूच त दूर बसला."

 मामाच्या हातात यंत्र तसंच, टिक टिक करत.

"त्याले नको बोलू," आई म्हणाली.  "तो दूर नाई बसला. मी बसवला. तू दोन महिन्याचा होता, तवा हा पह्यल्यांदा सुट्टीवर आला. तुह्यासाठी झबलं आनलं, टोपरं आनलं. तुले उचलून घेतलं, आन् मी तुले ह्याच्या हातातून वढलं. म्हनलं, दादा, तू भट्टीवरून आला, पोराले किरन लागतीन. हा मांगं सरकला. दाराजवळ जाऊन बसला. तवापासून तेथंच बसते."

 मामा यंत्राचं बटण शोधत होता आणि त्याला ते सापडत नव्हतं. मी ह्या माणसावर वर्षानुवर्षं चिडत आलो होतो, आणि आता चिडायला कोणीच उरलं नव्हतं.

सासूबाई उठल्या आणि पोरगी आईपुढं धरली. आईनं हात पदराखालून काढले, पण घेतलं नाही. "पह्यले ह्याले द्या," ती म्हणाली. "दादा, घे. बस इकडं, माह्याजवळ."

"मले येत नाई, शांते."

"बस म्हंतो नं!"

मामा खाटेच्या अगदी काठावर टेकला. सासूबाईंनी पोरगी त्याच्या हातात दिली. एखादी स्फोटक वस्तू दिल्यासारखे त्यानं दोन्ही हात ताठ पुढं धरले. "मान धर तिची, मान!" आई ओरडली. "एवढा शिकला, पोराची मान धरता येत नाई!" आणि तिनं स्वतःचा हात पोरीच्या मानेखाली घातला. तिचा हात खाली, त्याचा वर, आणि मध्ये पोरगी. पोरीनं एकदा तोंड वाकडं केलं, जांभई दिली आणि झोपून गेली.

थोड्या वेळानं मामा हळूच म्हणाला, "येळ झाली, शांते. घे आता."

"राह्यू दे."

तो राहिला. चहा आला, निवून गेला. त्याच्या हाताला मुंग्या आल्या असणार, कारण तो दातओठ खात होता, पण हलला नाही. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता. आईनं आपल्या पदरानं पुसलं.

तेवढ्यात अंगणात सायकल थांबली. मागच्या गल्लीत मामाच्या फाटकाला कुलूप पाहून एक जण शोधत शोधत इकडं आला होता. तो दारातून मोठ्यानं म्हणाला, "सायेब, पंखा आनला! नीट होईन का?"

मी मामाकडं पाहिलं.

"हळू बोल, लेका," मामा कुजबुजला. "पोट्टी झोपली आहे. ठेव तो पंखा तेथं, पाह्यतो मंग."